घाटात इंजिनाला लागणारी धाप

खालापूरचा टोलनाका मागे पडतो, खोपोली जवळ येते आणि रस्ता उभा राहू लागतो. मे महिन्याची दुपार, गाडीत चार माणसे, एसी चालू. सपाटीवर आरामात पळणारी छोटी मोटार इथे एकदम जड होते. चालक चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात येतो, एसी बंद करतो आणि गाडी सीएनजीवर असेल तर बटण दाबून पेट्रोलवर घेतो. कर्जत-खालापूर तालुक्यांत गाडी चालवणाऱ्या कुणालाही यात नवे काही नाही. बोरघाट असो की नेरळहून माथेरानकडे जाणारी चढण, या भागात गाडीची ताकद रोजच्या रोज तपासली जाते.

त्यामुळे ‘हिची पॉवर वाढवून मिळेल का?’ हा प्रश्नही इथल्या गॅरेजांना सवयीचा आहे. हौसेने छोटी स्पोर्ट्स कार घेतलेल्यांना तर तो जास्तच छळतो. टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर लावून इंजिनात हवा कोंबणे हा सरळ उपाय. पण तो महाग असतो, आणि त्यासाठी न बनलेल्या इंजिनाला सहसा सोसत नाही. मग हवा न कोंबता, इंजिनाला स्वतःच्या दमाने श्वास घेऊ देऊन ताकद किती वाढवता येते? उत्तर ‘वाढते, पण मोजकी, आणि प्रत्येक वाढीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते’ असे आहे. ही किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, ते पैसे घालवण्याआधी समजून घेतलेले बरे.

आधी अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की मेट्रिक मापाने एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३५ वॅट, खर्च होते. आता माणसे आणि सामान धरून १२०० किलोची गाडी घेऊ. रस्ता दर २० मीटरला एक मीटर चढतो आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे, असे मानू. गाडी दर सेकंदाला सुमारे ८३ सेंटिमीटर वर उचलली जाते. त्यासाठी साधारण १३ अश्वशक्ती लागतात. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध मोडायला आणखी पाच-सहा. एकूण झाल्या १९.

गाडीच्या माहितीपत्रकात तर ६० अश्वशक्ती लिहिलेल्या असतात. मग ती घाटात रडते का?

कारण त्या ६० अश्वशक्ती इंजिन मिनिटाला जवळजवळ ६००० फेरे घेत असतानाच मिळतात. ताशी ६० च्या वेगाने वरच्या गिअरमध्ये चढताना इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास असते आणि तिथे त्याच्याकडे जेमतेम २५ अश्वशक्ती असतात. त्यातल्या १९ चढणच खाते. उरलेल्या सहांवर पुढचा ट्रक ओलांडता येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये आले की फेरे ३००० वर जातात आणि हाताशी ३८ च्या आसपास अश्वशक्ती येतात. एक रुपयाही खर्च न करता मिळणारी ही वाढ. नेरळ स्टेशनहून दस्तुरी नाक्यापर्यंत प्रवासी नेणाऱ्या मारुती ओम्नी टॅक्सींनी वर्षानुवर्षे तेवढ्यावरच काम भागवले. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे इंजिन, आणि समोर ८०० मीटर उंचीच्या माथेरानची वळणावळणाची वाट. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत ठेवून ती गाडी वर पोहोचते. ‘गाडी ओढत नाही’ म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांची तक्रार खरे तर इंजिनाबद्दल नसून गिअर उशिरा बदलण्याबद्दल असते.

उरलेल्या अर्ध्यांसाठी इंजिनाचा श्वास समजून घ्यावा लागेल.

पेट्रोल जळते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टाकीतून पेट्रोल हवे तेवढे सोडता येते, त्यात अडचण नसते. अडचण हवेची. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. १२०० सीसीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर मिनिटाला ३००० वेळा सिलिंडर भरते, म्हणजे मिनिटाला ३६०० लिटर हवा ओढू पाहते. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे घाट चढताना पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर एक छोटी गाडी सुमारे ५०० माणसांचा श्वास एकटी घेत असते. तोही प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही. फिल्टर, नळ्या, व्हॉल्व्हच्या अरुंद फटी यांतून वाट काढताना सिलिंडर साधारण ८० ते ९० टक्केच भरतो. टर्बो न लावता ताकद वाढवणे म्हणजे मुख्यतः ही उरलेली १०-२० टक्के जागा भरणे, किंवा हा श्वास जास्त वेळा घेणे.

पण हवासुद्धा सगळीकडे सारखी नसते, आणि इथे बोरघाट आपला हिशोब मांडतो. इंजिनाची अश्वशक्ती मोजताना निकाल प्रमाण हवेच्या हिशोबात मांडला जातो, २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिन तपासले तरी तो आकडा असाच दुरुस्त करावा लागतो, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि तिथली हवा मुळातच विरळ. खोपोलीहून खंडाळा-लोणावळ्याला पोहोचेपर्यंत गाडी अंदाजे साडेपाचशे मीटर चढते आणि हवेची घनता त्याच तापमानाला पाच-सहा टक्क्यांनी घटते. त्यात उन्हाळा. २५ अंशांची हवा ४० अंशांवर गेली की घनता आणखी पाच टक्क्यांनी उतरते. पावसाळ्यात हवा थंड असते, पण दमट. ३० अंशांना हवा पाण्याच्या वाफेने पूर्ण भरली तर तिच्यातला सुमारे चार टक्के भाग वाफेचाच असतो आणि तेवढा ऑक्सिजन कमी. घनता जितकी घटते, अगदी तितक्याच प्रमाणात ताकद घटते असे नाही, पण दिशा तीच.

सीएनजीचे कोडेही इथेच सुटते. पेट्रोल थेंबांच्या रूपात आत जाते, त्याची वाफ सिलिंडरमध्ये फार जागा अडवत नाही. मिथेन मात्र वायू म्हणूनच जातो आणि मिश्रणाचा साधारण साडेनऊ टक्के भाग व्यापतो. तेवढी हवा बाहेर राहते. एक लिटरच्या वॅगन-आरची ताकद पेट्रोलवर सुमारे ६७ आणि सीएनजीवर ५७ अश्वशक्ती सांगितली जाते, त्यात मोठा वाटा या अडवलेल्या जागेचा आहे. शिंग्रोबाच्या देवळाजवळ पेट्रोलचे बटण दाबणारा चालक नकळत सिलिंडरमध्ये हवेसाठी जागा मोकळी करत असतो.

आता उपायांकडे. सर्वांत स्वस्त सल्ला मिळतो तो एअर फिल्टरचा. तुंबलेला फिल्टर बदलला की गेलेली ताकद परत येते, हे खरे. नवी ताकद येत नाही. जास्त मोकळा, महागडा फिल्टर बसवल्याने छोट्या इंजिनात पडणारा फरक बहुधा फक्त कानाला कळतो. त्यापेक्षा हवा कुठून घेतली जाते, ते महत्त्वाचे. हौसेने बसवलेले उघडे फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतात. बाहेर ३५ अंश आणि आत ६० असतील, तर घनतेत सात-आठ टक्क्यांचा तोटा. कंपनीने दिलेली, बंपरजवळून थंड हवा घेणारी साधी प्लॅस्टिकची नळी अनेकदा या चकचकीत फिल्टरपेक्षा शहाणी ठरते.

सायलेन्सरचेही असेच. व्हॉल्व्ह उघडला की जळलेला वायू दाबाच्या लाटेने बाहेर धावतो. नळीची लांबी आणि जाडी नीट जुळली, तर त्या लाटेमागे येणारी पोकळी पुढचा श्वास आत ओढायला मदत करते. आत येणाऱ्या हवेच्या नळीतही लाटा असतात. बासरीत जसा लांबीनुसार ठरावीक सूर घुमतो, तशी प्रत्येक नळी ठरावीक फेऱ्यांनाच साथ देते. अशा जुळणीने सिलिंडर शंभर टक्क्यांच्या वरही भरल्याची उदाहरणे आहेत, पण फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यात. नुसता मोठ्या भोकाचा पाइप लावल्याने ही जुळणी बिघडते. आवाज वाढतो, ताकद तेवढीच राहते किंवा खालच्या फेऱ्यांत कमी होते. मोठ्या आवाजाची गाडी जोरदार वाटते, हा बराचसा मनाचा खेळ आहे.

खरी वाढ मिळते ती फेऱ्यांतून. अश्वशक्ती म्हणजे एका फेऱ्यातला जोर गुणिले फेरे. जोर कायम ठेवून फेरे वाढवले, की अश्वशक्ती वाढलीच. छोट्या स्पोर्ट्स कारमधले याचे चांगले उदाहरण म्हणजे जपानी माझ्दाची एमएक्स-५. जेमतेम टनाहून थोडी जड अशी ही दोन आसनी गाडी. २०१८ मध्ये कंपनीने तिच्या दोन लिटर इंजिनाची ताकद टर्बो न लावता १६० वरून १८४ अश्वशक्तीवर नेली. इंजिनाचा आकार तोच. गणित केले तर कळते की कमाल ताकदीच्या क्षणी एका फेऱ्यातला जोर जवळपास होता तेवढाच आहे; तो आता ६००० ऐवजी ७००० फेऱ्यांवर मिळतो, इतकेच.

हे ‘इतकेच’ मात्र फार अवघड. पिस्टनवर येणारा ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. या गाडीची मर्यादा ६८०० वरून ७५०० फेऱ्यांवर नेली, म्हणजे फेरे दहा टक्के वाढले, पण तो ओढ २२ टक्क्यांनी. म्हणून कंपनीने प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका केला. हवा आत सोडणारी झडप रुंद केली, व्हॉल्व्ह मोठे केले, बाहेर जाणाऱ्या वायूची वाट बदलली. एवढा खटाटोप, तोही मूळ कारखान्यात. आणि पदरात पडल्या २४ अश्वशक्ती, म्हणजे १५ टक्के. गॅरेजमध्ये फक्त कॉम्प्युटरची फेऱ्यांची मर्यादा वाढवून देणाऱ्याने ना पिस्टन हलका केलेला असतो, ना व्हॉल्व्हची स्प्रिंग बदललेली असते.

कॅमशाफ्ट बदलणे ही जुन्या मेकॅनिकांची आवडती वाट. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की वरच्या फेऱ्यांत सिलिंडर चांगला भरतो. पण खालच्या फेऱ्यांत तोच व्हॉल्व्ह उशिरा मिटल्याने आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. गाडी सिग्नलला थरथरते आणि चढणीवर सुरुवातीला मार खाते. होंडाने १९८९ मध्ये यावर तोड काढली. खालच्या फेऱ्यांसाठी एक कॅम, वरच्यांसाठी दुसरा, आणि चालत्या इंजिनात तेलाच्या दाबाने अदलाबदल. त्यातून १६०० सीसीचे इंजिन १६० अश्वशक्ती देऊ लागले. पुढे १९९९ च्या एस-२००० या स्पोर्ट्स कारने मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत मजल मारली. ती गाडी चालवणाऱ्यांना वरच्या फेऱ्यांची झिंग आठवते आणि खालच्या फेऱ्यांतला तिचा आळसही.

तिसरी वाट हवा-पेट्रोलचे मिश्रण पेटण्यापूर्वी जास्त दाबण्याची. दाबाचे गुणोत्तर ९ वरून ११ केले, तर कागदावर सुमारे पाच टक्के फायदा दिसतो. प्रत्यक्षात त्याहून कमी. जास्त दाबलेले मिश्रण ठिणगीआधीच किंवा भलत्या ठिकाणी पेटले, की इंजिन आतून टकटक वाजू लागते आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. ते टाळायला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल लागते. पंपावरच्या महाग पेट्रोलबद्दलचा गैरसमज इथूनच येतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब सहन करण्याची क्षमता. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात शंभर ऑक्टेनचे इंधन ओतले, तर खिसा हलका होतो, गाडी नाही. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचेही दोन गुण उलट दिशांना जातात. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच.

कॉम्प्युटरमधली आज्ञावली बदलून देणारेही पुष्कळ आहेत. टर्बो गाडीत याने मोठा फरक पडतो, कारण तिथे हवेचा दाबच वाढवता येतो. स्वतःच्या दमावर चालणाऱ्या इंजिनात वाढवायला दाबच नसतो. दोन-चार अश्वशक्ती मिळाल्या तर पुष्कळ.

हवा मर्यादित असताना काय करता येते, हे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत शिकतात. कर्जत लोकलच्याच मार्गावर, विद्याविहारच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया हा संघ या स्पर्धांत उतरलेल्या भारतीय संघांपैकी एक. नियम असा की पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढे हे भोक. त्यातून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचली की आणखी काही केल्या वाढत नाही. सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमवर थांबते. मग विद्यार्थी काय करतात? भोकापुढची पोकळी आणि नळ्या जुळवतात, गिअर जुळवतात, आणि मुख्य म्हणजे गाडीच्या प्रत्येक भागाचे वजन छाटत बसतात.

वजन कमी करणे ही सगळ्यांत दुर्लक्षित अश्वशक्ती. १२०० किलोतून १०० किलो कमी केले, तर चढणीवर आणि वेग घेताना गाडी ८-९ टक्के जास्त ताकदीची असल्यासारखी वागते. ६० अश्वशक्तीच्या इंजिनात पाच वाढवायला हजारो रुपये लागतील. डिकीतले वर्षभर न उघडलेले सामान, टपावरचे रिकामे कॅरिअर आणि शोभेची जड चाके काढायला काहीच लागत नाही. चाकांच्या वजनाचा तर दुहेरी फायदा, कारण ती नुसती पुढे न्यावी लागत नाहीत, फिरवावीही लागतात.

या सगळ्यात एक उपाय असा आहे, ज्याची किंमत गाडीचा मालक देतच नाही. ‘हवा मोकळी होते’ म्हणून सायलेन्सरच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेली ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे बरेच कमी घातक वायूंत रूपांतर करते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास अधिक. घाटातल्या बोगद्यात, वाहतूक कोंडीत काचा उघड्या ठेवून बसलेला माणूस पुढच्या गाडीचे हे ‘ट्यूनिंग’ छातीत भरून घेतो. आजच्या गाडीत ही जाळी काढून मिळणारी वाढ अगदी थोडी असते, आणि ऑक्सिजन सेन्सर लगेच तक्रार करू लागतो तो वेगळाच. आवाजाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलखाली असावा अशी शिफारस केली. उघड्या सायलेन्सरची एक गाडी रात्री गावातून गेली, तरी झोपेचे काय होते ते हायवेलगतच्या घरांना विचारावे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मंजुरी घेऊन बसवलेले सीएनजी किट ही वेगळी गोष्ट. अपघात झालाच, तर न सांगितलेला बदल विम्याच्या दाव्यातही आडवा येऊ शकतो.

आणि चढलेली गाडी उतरतेही. लोणावळ्याहून खोपोलीला येताना १२०० किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली येते आणि तेवढ्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. २०-२२ लिटर पाणी उकळीला आणील एवढी ही उष्णता. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातली बरीच इंजिन पचवते. न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळी ब्रेकच्या चार जोड्यांना. ताकद वाढवलेल्या गाडीत ब्रेक मात्र बहुतेक वेळा जुन्याच ताकदीचे असतात. खर्चच करायचा असेल, तर चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल यांवर केलेला खर्च घाटात आधी कामी येतो.

रेल्वेने हा हिशोब फार पूर्वी केला. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाट मार्गावर चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. चढणीसाठी रेल्वेचा उपाय इतका साधा. उतारावर मात्र तिची जास्त काळजी असते. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी खाली येणाऱ्या गाड्या प्रवासी चढ-उतार नसतानाही थांबवल्या जातात, ब्रेक लागतात की नाही ते पाहिले जाते, आणि मगच पुढचा सिग्नल मिळतो.